पगार वाढला, ईएसआय सुटलं: आता दवाखान्याचं काय?

भोसरीच्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला होतो तेव्हाची गोष्ट. आमच्याकडच्या एका फिटरचा पगार जुलैमध्ये वाढून २१,८०० झाला. सप्टेंबरनंतर त्याच्या पगारातली ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात थांबली आणि ऑफिसातून त्याला सांगितलं गेलं, "तुमचं ईएसआय बंद झालं." नोव्हेंबरात त्याच्या बायकोच्या पित्ताशयात खडे निघाले. त्याने पतपेढीतून कर्ज काढलं आणि खाजगी दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं. पुढे फेब्रुवारीत मी दुसऱ्याच कामासाठी कामगार विम्याच्या शाखा कार्यालयात गेलो होतो. तिथे बोलता बोलता कळलं की त्या कुटुंबाचा उपचाराचा हक्क जूनअखेरपर्यंत शाबूत होता. ते ऑपरेशन ईएसआयच्या दवाखान्यात एक रुपया न देता झालं असतं. त्याला "बंद झालं" म्हणून सांगणारे आम्हीच होतो, आणि आम्हालाच नियम माहीत नव्हता.

ती गोष्ट अजून टोचते, म्हणून हे सगळं लिहून काढतोय. पगार वाढल्यामुळे, नोकरी सुटल्यामुळे किंवा निवृत्तीमुळे ज्यांचं ईएसआय जाणार आहे किंवा नुकतंच गेलंय, त्यांच्यासाठी हे आहे. यातलं काहीच तुम्हाला आधी माहीत नाही, असं धरून सांगतो.

आधी तारीख काढा

पगाराची मर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे, अपंग कामगारांसाठी २५,०००. २०१७ च्या जानेवारीपासून हाच आकडा चालत आला आहे. पण मर्यादा ओलांडली म्हणून त्याच दिवशी कोणी बाहेर पडत नाही. ईएसआयचं वर्ष दोन सहामाहींत चालतं. एप्रिल ते सप्टेंबर ही वर्गणीची एक सहामाही, ऑक्टोबर ते मार्च ही दुसरी. सहामाही सुरू होताना तुम्ही मर्यादेच्या आत असाल तर मध्येच पगार वाढला तरी ती सहामाही संपेपर्यंत कपात चालू राहते, तीही वाढलेल्या पूर्ण पगारावर.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. वर्गणी भरली त्याचा लाभ पुढच्या सहामाहीत मिळतो. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या वर्षी १ जानेवारी ते ३० जून, आणि ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर १ जुलै ते ३१ डिसेंबर. त्या वर्गणीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी जमा असली की तिच्या लाभाचा काळ संपेपर्यंत तुम्हाला आणि तुमच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो.

त्या फिटरचाच हिशेब मांडतो. पगार जुलैत वाढला, म्हणजे वर्गणी ३० सप्टेंबरपर्यंत गेली. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने मागच्या ऑक्टोबर-मार्चच्या वर्गणीवर भागतात. जानेवारी ते जून हे सहा महिने एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर. म्हणजे शेवटची कपात झाल्यावर पूर्ण नऊ महिने हातात. पगारवाढ नोव्हेंबरात झाली असती तर कपात ३१ मार्चपर्यंत आणि हक्क ३१ डिसेंबरपर्यंत. अगदी १ एप्रिललाच पगार वाढला तरी नुकत्या संपलेल्या सहामाहीच्या जोरावर डिसेंबरअखेरपर्यंत दवाखाना तुमचाच आहे.

हा हिशेब कागदावर उतरवा आणि वर्गणीची नोंद ईएसआयसीच्या (ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाच्या) संकेतस्थळावर किंवा उमंग अ‍ॅपवर तुमच्या विमा क्रमांकाने तपासा. कंपनीने कापलेले पैसे खरंच जमा झालेत का, तेही तिथेच दिसतं. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांनी तर हे न चुकता पाहावं. पगारचिठ्ठीत कपात दिसते आणि खात्यात काहीच जमा नाही, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत.

सोबत कंपनीने बाहेर पडण्याचं कारण काय नोंदवलंय, तेही विचारा. पगार वाढून बाहेर गेलेल्याला "मर्यादेबाहेर" हे कारण लागतं, आणि ते एप्रिल किंवा ऑक्टोबरच्या भरण्यातच टाकता येतं. घाईत कोणी "नोकरी सोडली" टाकलं, तर पुढे प्रत्येक खिडकीवर तुम्हालाच समजावत बसावं लागतं. चूक असेल तर लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्या.

पगाराबद्दल अजून एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्यात वेतनाची व्याख्या वेगळी आहे. घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम यांसारख्या गोष्टी वेतनातून वगळल्या आहेत, मात्र वगळलेली रक्कम एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाली तर वरचा भाग पुन्हा वेतनात धरला जातो. त्यामुळे हातात येणारी रक्कम २१,००० च्या वर गेली म्हणून लगेच आशा सोडू नका. "नव्या व्याख्येप्रमाणे माझं वेतन किती धरलंय?" हा प्रश्न एचआरला विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

हातातले महिने वापरा

तारीख कळली की पहिलं काम म्हणजे टाळून ठेवलेले उपचार उरकणं. हर्निया, मूळव्याध, मोतीबिंदू, गर्भाशयाचा त्रास, गुडघ्याचं दुखणं, "बघू पुढच्या वर्षी" म्हणून ठेवलेलं जे काही असेल ते. याला कारण आहे. नव्या मेडिक्लेममध्ये नेमक्या याच आजारांना दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

दवाखान्यात "कार्ड चालू दिसत नाही" म्हणून परत पाठवलं तर भांडत बसू नका. वर्गणीच्या नोंदीची प्रिंट घेऊन शाखा कार्यालयात जा आणि लाभाच्या काळात आहात हे शाखा व्यवस्थापकाकडून तपासून घ्या. टोल फ्री क्रमांक १८०० ११ २५२६ आहे.

कर्करोग, क्षय, मूत्रपिंडाचा विकार, पक्षाघात असा लांबणारा आजार चालू असेल तर तारखेची वाट पाहायच्या आतच डॉक्टरांशी बोला. अशा ३४ आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ आहे, त्यात वेतनाच्या ८० टक्के भत्ता मिळतो आणि तो दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. त्यासाठी आधीची सलग दोन वर्षांची विमापात्र (म्हणजे ईएसआय लागू असलेली) नोकरी लागते. ही प्रकरणं कागदावर चालतात, तोंडी काही होत नाही.

आणि केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळ्याच्या प्रती घेऊन ठेवा. ईएसआयच्या दवाखान्यातून नंतर जुने कागद काढणं फार जिकिरीचं असतं.

नोकरीच गेली असेल किंवा निवृत्त होत असाल तर

वाट थोडी वेगळी आहे. हातातले महिने वर सांगितल्यासारखेच मोजायचे. त्याशिवाय अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. १ जुलै २०१८ ला सुरू झाली आणि तिला मुदतवाढ मिळत आली आहे. नोकरी जाण्याआधी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी आणि वर्गणीच्या दिवसांची अट पूर्ण असेल तर सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळते. बेकार होऊन ३० दिवस झाले की दावा करता येतो. गैरवर्तनामुळे काढलेल्यांना ती मिळत नाही, म्हणून राजीनाम्यावर किंवा सेवासमाप्तीच्या पत्रावर सही करण्याआधी त्यात काय लिहिलंय ते वाचा.

कारखानाच बंद पडला किंवा कामगारकपात झाली तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघा. तिच्यात भत्ता चालू असेपर्यंत स्वतःला आणि कुटुंबाला उपचारही मिळतात. हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही.

नवी नोकरी मर्यादेच्या आतल्या पगाराची मिळाली तर जुनाच विमा क्रमांक द्या. नव्या ठेकेदाराने नवा क्रमांक काढला की वर्गणीचे दिवस दोन खात्यांत विभागले जातात, आणि ७८ दिवस कुठेच भरत नाहीत.

निवृत्तांसाठीची सोय तर इतकी स्वस्त आहे की ऐकून लोकांना खोटी वाटते. निवृत्तीआधी किमान पाच वर्षं विमापात्र नोकरी झालेली असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना ईएसआयचे उपचार चालू राहतात. स्वेच्छानिवृत्तीलाही हे लागू आहे. पगार मर्यादेबाहेर गेल्यावर निवृत्त झालेल्यांना पूर्वी हा लाभ नव्हता. २०२४ च्या फेब्रुवारीत महामंडळाने त्यांच्यासाठीही दार उघडायचं ठरवलं. अट अशी, की १ एप्रिल २०१२ नंतर किमान पाच वर्षं विमापात्र नोकरी झालेली असावी, निवृत्ती १ एप्रिल २०१७ ला किंवा त्यानंतरची असावी, आणि शेवटचा पगार ३०,००० पर्यंत असावा. तुमच्या घरात असे कोणी काका, मामा असतील तर त्यांना घेऊन शाखा कार्यालयात जा.

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम

पगार वाढून ईएसआय गेलं असेल तर सगळ्यात सोपी वाट इथे आहे. बऱ्याच कंपन्या मर्यादेबाहेरच्या कामगारांसाठी गट विमा काढतात. तुमच्या कंपनीत तो असेल तर चार प्रश्न विचारा. माझं नाव कोणत्या तारखेपासून चढेल? जुने आजार पहिल्या दिवसापासून चालतात का? बाळंतपण आहे का, आणि किती रकमेपर्यंत? आईवडील धरले आहेत का, की फक्त नवरा-बायको आणि मुलं? ईएसआयमध्ये तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही होते. ग्रुपमध्ये ते बहुधा गळतात, आणि घरात सर्वात जास्त दवाखाना त्यांनाच लागतो.

कंपनीत ग्रुप विमा नसेल तर मागा, आणि मागताना आकडा घेऊन जा. समजा तुमचा पगार २०,६०० होता, तर त्यावर तुमची ०.७५ टक्के म्हणजे १५५ रुपये वर्गणी जात होती आणि कंपनीची ३.२५ टक्के म्हणजे सुमारे ६७० रुपये. तुम्ही बाहेर पडलात की कंपनीचे वर्षाला आठ हजारांच्या आसपास वाचतात. "ते पैसे आमच्या विम्यात घाला" ही मागणी रास्त आहे. दहा-पंधरा जणांनी मिळून, किंवा युनियनमार्फत, करारात घालून मागितली तर मान्य होते. आमच्याकडे पुढच्या करारात झाली.

आणखी दोन गोष्टी ईएसआयसोबत जातात, त्यांची चौकशी करून ठेवा. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा आता ईएसआयऐवजी थेट कंपनीकडून घ्यायची असते. कंपनी "तुम्ही ईएसआयमध्ये नाही, म्हणून नाही" असं म्हणू शकत नाही. आणि कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी आता मालकावर येते. त्यासाठी कंपनीने वेगळी पॉलिसी घेतली आहे का, हे प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याने विचारायलाच हवं.

रेशनकार्ड बाहेर काढा

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना "आपल्यासाठी नाही" असं पगारदार माणूस गृहीत धरतो. पूर्वी ते खरं होतं, ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांची होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली केली, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, आणि केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण दिलं. १ जुलै २०२४ पासून ती तशी राबवली जाते. हप्ता नाही, वैद्यकीय तपासणी नाही, जुन्या आजाराला वेटिंग पिरियड (थांबायची मुदत) नाही. मधुमेही माणसाला किंवा आधीच बायपास झालेल्याला खाजगी कंपनी दारात उभं करत नाही, त्याच्यासाठी ही योजना फार मोठा आधार आहे.

तिची हद्द मात्र नीट समजून घ्या. ही योजना ठरावीक उपचारांच्या यादीवर चालते. यादीतलं ऑपरेशन, यादीतल्या रुग्णालयात. ताप आला म्हणून दोन दिवस सलाइन लावलं, असलं सगळंच यात बसत नाही. ओपीडीची औषधं यात नाहीत. आणि अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेलं, रुग्णालयही सगळ्याच विभागांसाठी अंगीकृत असेल असं नाही. एखादं फक्त हृदयासाठी असतं, एखादं फक्त हाडांसाठी. त्यामुळे "अमुक हॉस्पिटल योजनेत आहे का?" एवढं विचारून भागत नाही. "या आजारासाठी आहे का?" असं विचारा. १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर माहिती मिळते.

आजच करायचं काम एवढंच: रेशनकार्ड काढून बघा. घरातल्या सगळ्यांची नावं त्यावर आहेत का? लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं असतं. नव्या बाळाचं चढवलेलं नसतं. आधारवरचं आणि कार्डावरचं नाव जुळतं का? कार्डाला बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का? हे दुरुस्त करायला तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात चकरा होतात, आठवडे जातात. पेशंट आयसीयूत असताना त्या चकरा मारणाऱ्या माणसाचे हाल मी पाहिले आहेत. कार्डच नसेल तर तेही काढायला टाका. मग आयुष्मान कार्ड काढून ठेवा.

भरतीच्या वेळी रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल शोधायचं. रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र त्याच्याकडे द्यायचं, तो मंजुरीचं प्रकरण ऑनलाइन पाठवतो. मंजूर पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांचा पाठपुरावा धरलेला असतो. वरून पैसे मागितले तर पावती मागा आणि वरच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा. नियोजित ऑपरेशन असेल तर मंजुरी येण्याआधी रोख भरून भरती होऊ नका. एकदा रोखीत शिरलेलं प्रकरण योजनेत आणणं जड जातं.

घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ते सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, आणि ज्येष्ठांसाठी ५ लाखांचं संरक्षण आहे. आधारवर सत्तर वर्षं पूर्ण दिसली की झालं. ग्रुप मेडिक्लेममधून गळलेल्या आईवडिलांसाठी मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

गोव्यात कामाला असलेल्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण. वेर्ण्यात नोकरी करून सावंतवाडीला घर असलेल्यांनी आपण कुठल्या राज्याच्या कागदावर बसतो, ते आधीच ठरवावं.

स्वतःची पॉलिसी, आणि ती आत्ताच का

हा भाग सगळ्यात नीट वाचा.

एका मेडिक्लेममधून दुसऱ्यात जाताना आधीची वर्षं सोबत नेता येतात, त्याला पोर्टेबिलिटी म्हणतात. ईएसआयमध्ये तुम्ही बारा वर्षं वर्गणी भरली असली तरी ती वर्षं खाजगी पॉलिसीत धरली जात नाहीत. पॉलिसी ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवसापासून घड्याळ शून्यावरून चालू होतं. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, खडे, गुडघा अशा ठरावीक आजारांना साधारण दोन वर्षं. आधीपासून असलेल्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं. ही कमाल मर्यादा विमा नियामकाने १ एप्रिल २०२४ पासून चारवरून तीनवर आणली.

म्हणून ईएसआय संपल्यावर पॉलिसी शोधायला निघणं ही चूक आहे. ईएसआय चालू असतानाच पॉलिसी घ्या. दोन्ही एकाच वेळी असायला काहीही हरकत नाही. तुमच्या हातातले ते नऊ महिने म्हणजे वेटिंग पिरियडमधले नऊ महिने आहेत, आणि ते तुम्ही ईएसआयच्या छत्राखाली काढता. कंपनीचा ग्रुप विमा असला तरी छोटी का होईना, स्वतःची एक पॉलिसी असावी असं माझं ठाम मत आहे. ग्रुप विमा नोकरीसोबत जातो. तो जाताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मुभा असते, ती नोकरी सोडतानाच मागून घ्यावी लागते.

कुठली घ्यावी? पहिल्यांदा घेणाऱ्याला मी आरोग्य संजीवनीपासून बघायला सांगतो. १ एप्रिल २०२० पासून प्रत्येक कंपनीकडे ही पॉलिसी आहे आणि अटी सगळीकडे सारख्या, त्यामुळे फक्त हप्ता आणि जवळची कॅशलेस रुग्णालयं तपासायची राहतात. दर क्लेमला ५ टक्के रक्कम तुम्ही भरायची असते, आणि खोलीभाड्याला विमा रकमेच्या २ टक्के, जास्तीत जास्त दिवसाला ५,००० अशी मर्यादा आहे. बाकीच्या पॉलिसींचं माहितीपत्रक हिच्याशी ताडून बघा, म्हणजे जास्तीचे पैसे कशासाठी जातायत ते कळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य विम्यावर जीएसटी शून्य आहे. कोणी १८ टक्के वेगळे सांगत असेल तर विचारा कशाचे.

खोलीभाड्याची मर्यादा ही सगळ्यात जास्त फसवणारी अट. समजा पॉलिसीत दिवसाला ३,००० ची खोली आहे आणि तुम्ही ६,००० ची घेतली. तुम्हाला वाटतं वरचे तीन हजार आपण भरू. प्रत्यक्षात अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापले जातात. भरती होताना काउंटरवर सांगा, "माझ्या पॉलिसीत बसेल तीच खोली द्या."

प्रस्तावाचा फॉर्म स्वतः भरा, निदान सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. एजंट ओळखीचा असला तरी. साखर, रक्तदाब, थायरॉइड, जुनं ऑपरेशन, तंबाखू, सगळं लिहा. ईएसआयच्या केसपेपरवर ते नोंदलेलं आहेच, आणि क्लेमच्या वेळी तेच कागद समोर येतात. लपवलं तर क्लेम नाकारला जातो. खरं सांगितलं तर हप्ता थोडा वाढतो किंवा थांबावं लागतं, पण पॉलिसी टिकते. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते, तेवढ्या दिवसांत छापील अटी कोणाकडून तरी वाचून घ्या. पुढे क्लेमवरून वाद झालाच, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा, मग विमा लोकपालाकडे. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

रोजच्या गोळ्या

ईएसआय गेल्याचं पहिल्याच महिन्यात जाणवतं ते इथे. ईएसआयमध्ये खोकल्यापासून इन्शुलिनपर्यंत सगळं मिळायचं. मेडिक्लेम आणि महात्मा फुले योजना या दोन्ही मुख्यतः भरती झाल्यावरच्या. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांचा खर्च आता तुमच्या खिशातून जाणार.

त्यासाठी सरकारी वाट धरा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेचे दवाखाने आणि "आपला दवाखाना" नावाचे सरकारी दवाखाने ही शहरातली जवळची ठिकाणं. जे तिथे मिळत नाही ते जनऔषधी केंद्रातून घ्या. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा, म्हणजे केंद्रात तीच गोळी ओळखता येते. इथे एकच विनवणी: खर्च वाढला म्हणून बीपीची गोळी एक दिवसाआड घेऊ नका. मी ज्यांना तसं करताना पाहिलं, त्यातल्या दोघांना पक्षाघात झाला.

मधल्या काळात भरती व्हावं लागलं तर

योजनेत आजार बसत नाही, पॉलिसीचं वेटिंग चालू आहे, आणि पेशंट दारात आहे. अशा वेळी धर्मादाय रुग्णालयं आठवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. महिना २१,८०० म्हणजे वर्षाला २ लाख ६१ हजार ६००. घरात दुसरी मोठी कमाई नसेल तर आमचा तो फिटर निम्म्या दराला पात्र होता, आणि त्याने ऑपरेशन केलं ते रुग्णालयही धर्मादाय होतं. त्याला कोणी सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही.

तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवून ठेवणं या योजनेत बसत नाही. आधी भरती, मग कागद. मोठ्या शहरांतली बरीच नावाजलेली खाजगी रुग्णालयं विश्वस्त संस्थांची आहेत, म्हणून दिसायला चकचकीत असली तरी विचारायचंच. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड लागतं. दाखला आधीच काढून ठेवा, त्याची मुदत बघा.

नोकरी जाऊन घरचं उत्पन्न वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आत आलं असेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीतूनही मदत मिळू शकते. टोल फ्री १८०० १२३ २२११. अर्ज उपचार चालू असतानाच करायचा असतो.

धर्मादाय सवलतीचंही तसंच आहे. भरतीच्याच दिवशी रुग्णालयातल्या समाजसेवकाला किंवा धर्मादाय कक्षाला भेटा, अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तिथे टाळाटाळ झाली तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात त्याच दिवशी तक्रार करा, शिक्क्याची प्रत जोडून. पेशंट रुग्णालयात आहे आणि बिल अजून भरायचं आहे, तोवरच तिथे तुमचं ऐकून घेतलं जातं.